क्लासच्या फ्लेक्सवरचे फोटो: दहावीच्या लेकरांना माहिती की गळ?

मांजराकाठ
परवा लेकीला घेऊन निलंग्याहून लातूरला गेलो होतो. दहावी झाली, अकरावीचं बघायचं होतं. स्टँडवरून ट्यूशन एरियाकडं ऑटोनं जाताना ती एकेक फ्लेक्स मोठ्यानं वाचायली. एका चौकात तर एकच पोरगं तीन क्लासच्या तीन फ्लेक्सवर. एकीकडं टाय, दुसरीकडं फेटा, तिसरीकडं पांढरा कोट आणि गळ्यात स्टेथोस्कोप! नीटचा निकाल लागून आठ दिवस झाले नाहीत, मेडिकल कॉलेजची पायरी अजून चढायची आहे, आणि कोट चढला. खाली लिहिलेलं, ‘शेतमजुराचा मुलगा’ आणि तालुक्याचं नाव. लेक म्हणली, "पप्पा, हा आपल्याच तालुक्याचा हाय." झालं. तिथंच तिचा क्लास ठरला. शिकवतं कोण, बॅचमध्ये पोरं किती, काही विचारणं नाही.

कोल्ड्रिंकची जाहिरात लेकरांना भुलवते म्हणून आपण बोंब मारतो. तो वीस रुपयांचा माल. हिथं लाख-दीड लाख आणि वयाची दोन वर्षं जातात. माझं म्हणणं, पंधरा-सोळाच्या पोरांसाठीच्या क्लासच्या जाहिरातीत फोटोच नको. शिक्षकांची नावं, फी, बॅचमधली संख्या, एवढंच छापा. बोला.

गोलाईचा गणितमास्तर
माझं पोट क्लासवरच चालतं, हे आधीच सांगून टाकतो. ‘शेतमजुराचा मुलगा’ यात खोटं काय आहे? किनवटकडच्या तांड्यावरच्या पोराला कुणी सांगायचं, की बाबा, तुझ्यासारख्या घरातलं लेकरू डॉक्टर होतं? घरात सांगणारं कुणी नाही, शाळेत वेळ कुणाला नाही. फ्लेक्स सांगतो. लातूर पॅटर्नचं नाव झालं ते बोर्डाच्या गुणवत्ता यादीमुळं. तेव्हा पेपरात पेढा भरवतानाचे फोटो यायचे, त्याला कुणी गळ म्हणलं नाही.

मांजराकाठ
सर, पेपरातला फोटो मेरिटमध्ये आला म्हणून यायचा. हा फोटो पुढच्या वर्षीची पोरं यावीत म्हणून येतो. आणि फ्लेक्सवर बारा जण, उरलेली हजार कुठं गेली? 2024 ला देशात 23 लाखांवर पोरं नीटला बसली, एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. तांड्यावरच्या पोराला हेही सांगा की.

रिपीटर नांदेडकर
काका, फ्लेक्सला कोण भुलतंय आता? मला गळाला लावलं रीलनं. हॉस्टेलची खोली, रात्रीचे दोन, टेबलावर दिवा, मागं रडकं म्युझिक, शेवटी गेटवर आई डोळे पुसते. असलं एक शेवटपर्यंत बघितलं की पुढं तेच तेच येत राहतं. मग रविवारी फुकट स्कॉलरशिप टेस्ट. आम्ही गावातले सहा जण गेलो, सहाही जणांना स्कॉलरशिप! मला 60 टक्के. फोन पप्पांना नाही, मला आला. "बेटा, तुझ्यात स्पार्क आहे. सीट शुक्रवारपर्यंतच धरून ठेवतो." पप्पांनी घरात ठेवलेलं सोयाबीन मोडून शुक्रवारच्या आत पैसे भरले. ऑगस्टमध्ये त्याच फीमध्ये नवी पोरं घेणं चालूच होतं.

तरी फोटो बंद करा म्हणू नका. आमच्या गावच्या एका दादाचा फ्लेक्सवरचा फोटो कापून मी भिंतीला लावलाय.

बीडची मावशी
पोरं भुलत नाहीत म्हणायचं आणि शुक्रवारच्या आत पैसे भरायचे!

फ्लेक्सवाला
कशाला भांडायलात? मी छापतो, मीच सांगतो. कोट कुणी घालत नसतंय. पासपोर्ट फोटो व्हॉट्सॲपवर येतो, मान कापायची, खाली कोटाची तयार फाइल. पोरांची वेगळी, पोरींची वेगळी, स्टेथोस्कोप आणखी वेगळा. निकालाच्या रात्री चाळीस-चाळीस डोकी बसवतो.

आकड्यांची गंमत बघा. जेईईचं 99.2 लाल अक्षरात, पिवळी बॉर्डर, लांबून दिसलं पाहिजे. शेजारी ‘पर्सेंटाइल’ टाकू का म्हणलं तर डिझाइन बिघडतंय म्हणतात. गावाकडचा माणूस टक्के समजून डोक्याला हात लावतो. शंभरातले 99 तुझ्या मागं, एवढाच त्याचा अर्थ, मार्क नव्हेत ते. रँक चांगली असली तर ऑल इंडिया घ्यायची, नाहीतर कॅटेगरीची, आणि ‘कॅटेगरी’ शब्द मुंगीएवढा.

एक पोरगं तीन फ्लेक्सवर कसं? एका ठिकाणी दोन वर्षं शिकलं, दुसरीकडं नुसती टेस्ट सिरीज लावली, तिसरीकडं दहावीत असताना फाउंडेशन केलं. तिघंही खरंच बोलायलेत!

परभणीचा वकील
यावरच केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर 2024 मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी नियम काढलेत. फोटोसोबत नाव, रँक, कोर्स आणि त्या कोर्सची फी भरली होती का, ते लिहायचं. फोटोची लेखी परवानगी निवड झाल्यावरच घ्यायची, प्रवेशाच्या फॉर्मवर आधीच सही घेऊन ठेवायची नाही. जागा संपत आल्याची खोटी घाई करायची नाही. 2019 च्या कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत. तक्रारीला फोन 1915. म्हणजे ते तीन फ्लेक्सवालं पोरगं आणि रिपीटरचा तो शुक्रवार, दोन्ही यात येतात. फोटोबंदी कशाला? आहे ते पाळायला लावा.

गोलाईचा गणितमास्तर
कोर्स छापायला माझी ना नाही. पण फोटोबंदी केलीत तर मरेल कोण, ते बघा. मोठ्यांकडं एसी इमारत, गाड्या, टीव्हीवरचा हिरो. माझ्याकडं दोन खोल्या, फळा आणि यंदा लागलेली चार पोरं. तीही काढून घेतल्यावर मी दाखवू काय?

मांजराकाठ
सर, हे मनाला लागलं. फोटोबंदीचं मागं घेतो. कोटावर मात्र ठाम आहे. काल त्याच क्लासच्या काउंटरवर जाऊन विचारलं, या बारामधले दोन वर्षं तुमच्याकडंच शिकलेले किती? तिथली ताई म्हणली, "सर आल्यावर विचारा." लेक तोंड फुगवून बसली, मी तिची अब्रू घालवली म्हणे. अजून बोलत नाही.

फ्लेक्सवाला
त्या नियमाचं ऐकून कालच एक सर दुकानात आले. कोर्सचं नाव टाकायचंय म्हणले. मी म्हणलं, फोटोखाली जागा आहे, तिथं टाकतो. ते म्हणले, "नको, एकदम खालच्या पट्टीत घे. जिथं बांबू बांधतात तिथं."