ईपरच्या मेनिन गेटवर मराठा पलटणीतील नावे आहेत का?

कृष्णाकाठ:
येत्या एप्रिलमध्ये बेल्जियममधील ईपर शहरी जाण्याचा बेत आहे. पहिल्या महायुद्धात त्या परिसरात बेपत्ता झालेल्या, ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूने लढलेल्या ५४ हजारांहून अधिक सैनिकांची नावे तेथील मेनिन गेटवर कोरलेली असून त्यांत हिंदी शिपाईही आहेत, असे वाचले. माझे खापरपणजोबा मराठा पलटणीतून त्या युद्धावर गेले ते परतलेच नाहीत, एवढेच घरात ठाऊक आहे. त्यांचे नाव तेथे मिळेल का?

दप्तरदार:
मराठा पलटण असेल, तर आशा फारच थोडी. १०३, ११० व ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) जनरल टाउनशेंडच्या हाताखाली होत्या. डिसेंबर १९१५ पासून त्या कूत येथे वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करल्यावर कित्येक जण कैदेतच दगावले. त्यांचे स्मारक म्हणजे बसऱ्याचे. ते १९२९ साली उभे राहिले, १९९७ मध्ये तेथून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर नेण्यात आले. ईपरच्या भिंतीवर साधा शिपाईही नावानिशी आहे; बसऱ्याला मात्र हिंदी अधिकाऱ्यांची तेवढी नावे कोरली आणि शिपायांचा पलटणवार आकडा लिहून काम भागवले. एकाच साम्राज्यासाठी मेलेल्यांत हा भेद केला गेला, ही गोष्ट मला आजही खटकते.

निवृत्त_शिक्षक:
वरील माहितीला एक जोड देतो. पलटण घरच्यांच्या केवळ ऐकिवात असेल, तर खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सचाही (लष्करी अभियांत्रिकी दलाचाही) विचार करावा, कारण त्यांत मराठे होते आणि त्यांच्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्यांची २८ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्समधील नव शापेल येथे अक्षरशः वाताहत झाली. तेथील हिंदी सैनिकांचे स्वतंत्र स्मारक १९२७ सालचे असून ईपरहून फार लांब नाही.

ईपरला मात्र जरूर जावे. रात्री आठला गेटखालची वाहतूक थांबते आणि स्थानिक अग्निशमन दलाशी नाते असलेले बिगुलवाले 'लास्ट पोस्ट' ही मृत सैनिकांना मानवंदना देणारी धून वाजवतात. १९२८ पासूनची ही प्रथा तेथे जर्मन अंमलातच काय ती खंडित झाली. पुढे जागा हवी असल्यास बरेच आधी पोहोचावे. आणखी एक रिवाज सांगण्यासारखा आहे: एखाद्या बेपत्ता सैनिकाचे अवशेष सापडून ओळख पटली, की त्याला नावाची कबर मिळते आणि भिंतीवरचे नाव काढले जाते.

दप्तरदार:
सॅपर्सचा मुद्दा रास्त आहे. तिकिटे काढण्यापूर्वी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावरील यादी पाहावी. बसऱ्याच्या दगडावर नसलेली पुष्कळ नावे तेथे आहेत आणि अनेक नोंदींत वडिलांचे नाव, गाव, तालुका व जिल्हाही दिलेला असतो. इंग्रज कारकुनांनी गावांची नावे कानाला लागली तशी लिहिल्यामुळे आधी पलटणीवरून शोधावे, मग जिल्हा पाहावा.