मदत हवी आहे: पाच ते आठ वर्षांच्या मुलांना सांगण्याजोग्या, न घाबरवता शिकवणाऱ्या गोष्टी

नमस्कार.

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यात, झुआरी नदीच्या काठी खाजन शेती (खारे पाणी बांधांनी अडवून राखलेली सखल शेती) असलेल्या एका गावात राहते. या जूनपासून दर शनिवारी दिवेलागणीच्या आधी देवळाच्या सभामंडपात वाड्यावरची दहा-बारा मुले जमतात आणि मी त्यांना एक गोष्ट सांगते. मुलांच्या घरी कोकणी बोलतात. पण आरत्या, भजने आणि जत्रेतली नाटके यांमुळे मराठी त्यांच्या कानांवरून गेलेली असते, त्यामुळे भाषेची अडचण येत नाही. अडचण गोष्टींचीच आहे, आणि ती मला एकटीला सुटत नाही म्हणून इथे लिहीत आहे.

आरंभ मी चिऊ-काऊच्या गोष्टीने केला. कावळ्याचे शेणाचे घर पावसात वाहून जाते, तो चिमणीच्या दारात येतो, आणि चिमणी "थांब, माझ्या बाळाला तीट लावते" असे म्हणत त्याला ताटकळत ठेवते. आमच्या घरी ही गोष्ट कावळ्याला तापलेल्या तव्यावर बसवून संपत असे, आणि मीही ती तशीच संपवली. मुले खळखळून हसली. दोन दिवसांनी त्यांतल्या एका मुलाची आजी भेटली. रात्री पाऊस सुरू झाला की कावळा येईल म्हणून दाराची कडी लावू नका, असा हट्ट तो धरून बसतो, असे तिने सांगितले. त्या दिवसापासून ती गोष्ट माझ्या तोंडून निघत नाही. लहानपणी मी स्वतः ती शेकडो वेळा ऐकली आणि कावळ्याचा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही, याचे मला आज फार वाईट वाटते.

पुढे एका शनिवारी 'लांडगा आला रे आला' सांगितली आणि त्याच्या पुढच्या शनिवारी पंचतंत्रातली माकड आणि मगरीची. "काळीज मी जांभळीच्या झाडावरच ठेवून आलो आहे" असे सांगून माकड जीव वाचवते, तिथे एका सहा वर्षांच्या मुलीने विचारले, की मेंढपाळाच्या पोराला खोटे बोलल्याची शिक्षा झाली, मग माकडाला का नाही झाली? मी उत्तर जुळवत असतानाच दुसरा मुलगा म्हणाला, "मानगे वाईट नसते." आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, की मानगे म्हणजे मगर. झुआरीकाठच्या काही गावांत पौष अमावास्येला शेतकरी खाजनातल्या चिखलाची मगर घडवतात आणि तिची पूजा करतात. खाजनाचे बांध तिने राखावेत, नदीवर जाणाऱ्या माणसांना तिने सांभाळावे, अशी त्यामागची श्रद्धा आहे. या मुलांनी ती 'मानगे थापणी' आपल्या डोळ्यांनी पाहिलेली आहे. ज्या प्राण्यासमोर आजोबा हात जोडतात, तो गोष्टीत दगाबाज कसा, हा त्या मुलाचा प्रश्न मला अगदी रास्त वाटला.

पंचतंत्राची चौकट पाहिली तर यात नवल नाही. अमरशक्ती राजाच्या तीन मंद मुलांना सहा महिन्यांत नीतिशास्त्रात जाणते करीन, असे विष्णुशर्मा कबूल करतो. म्हणजे त्या गोष्टी राज्य सांभाळणाऱ्यांसाठी रचलेल्या आहेत, आणि शत्रू ओळखणे, वेळेवर युक्ती सुचणे, कोणावर किती विसंबावे हे जाणणे, हा त्यांचा विषय आहे. सहा वर्षांच्या मुलाला शनिवारी संध्याकाळी मला जे द्यायचे आहे, ते याहून साधे आहे: चूक झाल्यावर ती कबूल कशी करावी, आपल्यातले दुसऱ्याला देताना वाटणारे दुःख कसे सोसावे, नव्या मुलाला खेळात कसे घ्यावे.

आतापर्यंत सर्वांत खोलवर पोहोचला तो 'श्यामची आई'मधला प्रसंग. अंघोळ झाल्यावर तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट करणाऱ्या श्यामसाठी आई ओल्या लुगड्याचे टोक धोंड्यावर पसरते आणि पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस तसा मनालाही जप, असे सांगते. यात कोणाला शिक्षा होत नाही, कोणी हरत नाही. मात्र त्या पुस्तकातल्या पुढच्या रात्री आईच्या मरणाकडे जातात, आणि इतक्या लहान मुलांना त्या सांगाव्यात असे मला वाटत नाही.

काही पालकांचे म्हणणे आहे, की शेवटी तात्पर्य सांगितले नाही तर गोष्टीचा उपयोग काय? मी दोनदा सांगून पाहिले. तात्पर्य मुलांनी पाढ्यासारखे म्हटले आणि गोष्टीविषयी एकही प्रश्न विचारला नाही.

म्हणून मी स्वतः एक गोष्ट रचायला घेतली आहे. चतुर्थीच्या माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळा-पानांनी सजवलेल्या लाकडी चौकटीसाठी, एक मुलगा रानात जातो आणि वेलीवरची सगळी कवंडळे (माटोळीला बांधायची रानफळे) एकटाच तोडून आणतो. शेजारची म्हातारी नेहमी त्याच वेलीवरून एक नेत असते. तिच्या माटोळीत त्या वर्षी ती जागा रिकामी राहते. इथून पुढे मी जो शेवट लिहिते, त्यात कोणीतरी मुलाला रागे भरते किंवा त्याला ठेच लागते, आणि तो मला नको आहे.

दहा मिनिटांत सांगता येतील आणि ज्यांत पाऊस, होडी, मानस (खाजनाच्या बांधातले पाण्याचे दार), कुळागर (नारळी-पोफळीची बाग) असे आमच्या मुलांचे जग असेल, अशा गोष्टी कोणाच्या घरी सांगितल्या जात असतील तर कृपया सविस्तर लिहावे. जुन्या गोष्टींचे शेवट बदलणे योग्य आहे का, याविषयीही जाणत्यांचे मत हवे आहे.

प्रतिसाद:

ताई, आमच्या डिचोलीच्या घरी चिऊ-काऊचा शेवट निराळा होता. बाळ निजल्यावर चिमणी दार उघडते आणि कावळ्याला चुलीपाशी बसवून पेज वाढते. आजीने आम्हांला हीच गोष्ट सांगितली आणि तव्याचा शेवट मी मोठेपणी ऐकला. तोंडी गोष्टी घरोघर बदलतच आल्या आहेत, त्यामुळे तुम्ही शेवट बदललात तर त्यात काही वावगे नाही.

माकडाविषयी त्या मुलीलाच विचारून पाहा, की या गोष्टीत पहिले खोटे कोण बोलले? मगरीने मेजवानीचे निमित्त सांगून मित्राला पाठीवर बसवले, तिथूनच खोट्याला सुरुवात झाली आहे. मात्र त्या दोन गोष्टी लागोपाठ सांगू नयेत असे मला वाटते. तुमच्या गावात तर पाण्यात पडलेल्याला काठावर पोहोचवणाऱ्या मानग्याची गोष्ट आधी यायला हवी.

माटोळीच्या गोष्टीत मुलाला कोणी काही बोलूच नये. आरतीसाठी तो म्हातारीच्या घरी जातो, वर पाहतो, आणि त्याला रिकामी दोरी दिसते. आरती संपेपर्यंत त्याचे लक्ष तिथेच असते. मग तो घरी जाऊन काय करतो, हे मुलांना सांगू द्या.

मूळ लेखिकेचे उत्तर:

रिकामी दोरी मला सुचलीच नव्हती, मनापासून आभार. चतुर्थीच्या आधी दोन शनिवार आहेत. पहिल्या शनिवारी पेजेच्या शेवटाची चिऊ-काऊ पुन्हा सांगेन, आणि त्या आजीला नातवासोबत मुद्दाम बोलावीन.