आरएसएस मेलेलं नाहीये हो!

एकाने विचारलंय की गूगल रीडर (गूगलचं फीड वाचायचं ॲप) गेल्यावर आरएसएस (साईटवर नवीन काय आलं ते आपल्याकडे आणून देणारी फीड, संघ नव्हे) संपलंच ना. नाही हो, १ जुलै २०१३ ला फक्त ते दुकान बंद झालं, फीड तशाच चालू आहेत. मी तेव्हा ओपीएमएल फाईल (माझ्या सगळ्या फीडची यादी) काढून घेतली आणि फीडली या तसल्याच दुसऱ्या ॲपमध्ये टाकली, पाच मिनिटांत सगळी यादी जशीच्या तशी आली, तीच फाईल आता थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रॅममध्ये चालतेय.

सकाळी चहा होईपर्यंत नुसते मथळे बघतो, वाचण्यासारखं दोन-चारच असतं, बाकी सगळं एका फटक्यात 'वाचलं' करून टाकायचं. ते जमायला मला फार वेळ लागला, आधी चारशे न वाचलेल्या बातम्या बघून उगाच कर्ज थकल्यासारखं वाटायचं.

साईटवर फीडचं ते केशरी चिन्ह दिसत नसेल तर पत्त्याच्या शेवटी /feed लावून बघा, साईट वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर बनवलेली असेल तर बहुतेक वेळा चालतं. यूट्यूब चॅनेलचीही फीड असते, म्हणजे सबस्क्राईब न करता, लॉगिन न करता नवीन व्हिडिओ कळतात.

एक वैताग मात्र आहे, बरेच पेपर फीडमध्ये दोनच ओळी देतात, पुढचं वाचायला साईटवर जा आणि तिथे जाहिरातींचा धुरळा. मी वाचतो त्या एका पेपरने तर न सांगता फीडचा पत्ताच बदलला, महिनाभर मला वाटत होतं की गावात काही घडतच नाहीये :)