मदत हवी आहे: काकांचा घडीचा चाकू उघडतच नाही, रविवारच्या आत नीट करायचाय

निनाद_पुणे (मंगळवार, रात्री ११.४०)
जुना घडीचा चाकू आहे, लाकडी मुठीचा. पातं मुठीत घट्ट बसलंय, कितीही ओढलं तरी बाहेर येत नाही. गंजही आहे. येत्या रविवारी काकांचं सहस्रचंद्रदर्शन आहे आणि त्यांचाच हा चाकू त्यांच्या हातात परत द्यायचाय. तेव्हा ‘नवा घ्या’ हे उत्तर नको. मूठ खोलून पातं कसं काढायचं? शिवाय टोक थोडं गोल करायचंय आणि मुठीला दोरीसाठी भोक पाडायचंय. लवकर सांगा.

शेखर५८
डब्ल्यूडी-४० हा गंज सोडवणारा स्प्रे मारा, दहा मिनिटं थांबा, उघडेल. माझ्या स्कूटरचं गंजलेलं कुलूप असंच उघडलं.

सुताराचा_नातू
शेखरकाका, ते कुलूप लोखंडाचं होतं, इथे लाकूड आहे. निनाद, कंपनी कोणती? पात्यावर काही कोरलंय का? बिजागरीपाशी फिरणारी कडी आहे का? फोटो टाका.

निनाद_पुणे
फोटो चढत नाहीये. मुठीला टेकलेल्या पात्याच्या भागावर मुकुट आणि त्याखाली हाताचा पंजा दिसतो. कडी आहे, फिरतेही. काका बोटीवर होते, फ्रान्समधल्या मार्सेल बंदरातून आणलेला.

मंजिरी_ग्रेनोबल
मग तो ओपिनेल! फ्रान्सच्या सावोय भागातला. जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये बनवायला सुरुवात केली. तो मुकुट सावोयच्या ड्यूक घराण्याचा आणि हात सें-जाँ-द-मोरिएन गावच्या चिन्हातला, १९०९ पासून पात्यावर येतो. माझ्या सासऱ्यांच्या खिशात कायम एक असतो, जेवणाच्या टेबलावर पाव-चीज त्यानेच कापतात.
कडी १९५५ साली आली. पूर्वी ती फक्त उघडलेलं पातं अडकवायची. बंद पातंही अडकवणारी कडी २००० च्या सुमारास आली. तुमच्या कडीची फट पात्याच्या रेषेत आणून पाहिलीत का? नवा असेल तर नुसता कुलूपबंद असेल.

निनाद_पुणे
फट रेषेत आणली. तरी हलत नाही. १९७४-७५ चा असावा, काका तेव्हा बोटीवर होते.

सह्यभटक्या
मी गेली बारा वर्षं ट्रेकला ओपिनेल वापरतोय, क्रमांक ८, पातं साडेआठ सेंटिमीटर. पावसाळ्यात दरवर्षी अडकतो, मूठ बीच नावाच्या झाडाची, ते लाकूड हवेतलं पाणी पितं. पण एवढा पक्का नाही अडकत. खरं सांगा, पाण्यात घातला होता का?

निनाद_पुणे
गंज मऊ पडावा म्हणून रविवारी रात्रभर कोमट पाण्यात ठेवला होता. सकाळी पकडीनेही ओढून पाहिला. हे महत्त्वाचं वाटलं नाही.

सुताराचा_नातू
हेच तर महत्त्वाचं! लाकूड फुगून खाच आवळली गेली आणि पात्याला दोन्ही बाजूंनी चिमटा बसला. आता जोर लावलात तर मूठ उभी चिरेल. पकड आधी खाली ठेवा. मूठ खोलायचा विचारही सोडा. कडी निघते, पण बिजागरीचा खिळा दोन्हीकडून ठोकून पसरवलेला असतो. तो काढला की पुन्हा बसवताना लाकूड फुटायची भीती, आणि नवा खिळा तुम्ही रविवारपर्यंत बसवणार नाही.

शेखर५८
मग ओव्हनमध्ये पाच मिनिटं.

सुताराचा_नातू
नको हो! बाहेरचं लाकूड आधी आक्रसतं, आतलं ओलंच राहतं, मग तडे. आजोबा ओली फळी कधी उन्हात टाकत नसत.

केतकी_जोशी
तांदळाच्या डब्यात ठेवा, मोबाइल भिजला तर ठेवतात तसा.

सह्यभटक्या
तांदूळ फार पाणी ओढत नाही. बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या जितक्या मिळतील तितक्या, घट्ट झाकणाच्या डब्यात. श्रावणात उघड्यावर वाळायची वाटच बघू नका.

मंजिरी_ग्रेनोबल
डब्यातून काढल्यावर हे करा. इथे याला ‘सावोयवाल्याचा ठोका’ म्हणतात. कडी मोकळी. मूठ बिजागरीच्या बाजूने धरायची, पातं ज्या खाचेतून बाहेर येतं ती बाजू खाली. मुठीच्या मागच्या टोकाची कड टेबलाच्या काठावर ठोकायची. मूठ जागीच थांबते, पातं आपल्या वेगाने थोडं पुढे सरकतं. नख शिरण्याइतकं आलं तरी पुरे. बोटं खाचेखाली येऊ देऊ नका, सासऱ्यांनी मला आधी हेच शिकवलं.

वकीलतात्या
सावधान. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याला शस्त्र नियमांत परवाना लागतो, घरगुती वा शेतीचं हत्यार सोडून. विमानात हातसामानात नेऊ नका.

सह्यभटक्या
तात्या, पातं साडेतीन इंचही नाही आणि चाकू पुण्यातून पुण्यातच जाणार आहे.

निनाद_पुणे (गुरुवार, रात्री १०.१५)
दोन दिवस पुड्यांच्या डब्यात ठेवला. आठव्या-नवव्या ठोक्याला हलला!! आता पूर्ण उघडतो, घट्टच आहे पण. पात्यावर मधे लाल गंज, बाकी सगळं करडं-काळं. पॉलिश करून चकचकीत करू का? आणि धार जवळच्या चाकवाल्याकडून लावून आणतो.

सुताराचा_नातू
थांबा! दोन्ही नको. ते कोरड्या चाकावर ठिणग्या उडवत धार लावतात. पातळ पातं पटकन तापतं, कड निळी पडली की पोलादाचं पाणी उतरलं समजा, मग धार टिकत नाही. हजार ग्रिटचा (तेवढ्या बारीक कणांचा) पाण्याचा दगड घ्या, साधारण वीस अंशांवर दोन्ही बाजू. कोकणात याला निसणा म्हणायचे.

सह्यभटक्या
+१. आणि काळं काढू नका. तो पन्नास वर्षांच्या आंब्या-लिंबांचा थर आहे, पात्याला चिकटून राहतो आणि लाल गंजाला थोपवतो.

केतकी_जोशी
पण अन्नाला लागणारी वस्तू काळी कशी ठेवायची? आजी विळी राखेने लख्ख घासायची.

सह्यभटक्या
आजीची विळी रोज घासली जायची, म्हणून गंजली नाही. हा चाकू खिशात राहणार. लाल तेवढं बारीक स्टील वूलने तेल लावून काढा, काळ्याला हात लावू नका.

केतकी_जोशी
मला पटत नाही. माझ्याकडे आजीची विळी अजून चांदीसारखी आहे.

सुताराचा_नातू
टोकाबद्दल कोणी बोललं नाही. निनाद, गोल कशासाठी?

निनाद_पुणे
काकांचा हात थरथरतो. दोरीही त्यासाठीच, मनगटात अडकवायला. आंबा त्यांना स्वतःच कापायचा असतो.

सुताराचा_नातू
मग जरूर करा. पण फक्त पाठीकडून घासा. धारेकडून घासलंत तर टोक वर चढेल आणि चाकू मिटल्यावर खाचेबाहेर डोकावेल, खिशात हात घालताच लागेल. दगड ओला ठेवा, दर चार-पाच घाशींनंतर मिटून बघा. भोक मुठीच्या अगदी मागच्या टोकाला, जिथे खाच पोचत नाही. आधी दीड मिलिमीटरचं, मग मोठं, खाली लाकडाचा तुकडा ठेवून. मनगटात मात्र नको, सुटला तर उघडा चाकू हातालाच लटकेल. दोरी सदऱ्याच्या काजात ओवा.

मंजिरी_ग्रेनोबल
इथे मुलांसाठी गोल टोकाचा क्रमांक ७ मिळतो, आकार त्यावरून घ्या.

सह्यभटक्या
खाचेच्या आतल्या दोन्ही भिंती जुन्या एटीएम कार्डाला गुंडाळलेल्या पॉलिशपेपरने हलकेच घासा. मुठीला कच्चं खायचं जवसाचं तेल, अगदी पातळ हात. रंगाच्या दुकानातलं ‘उकळलेलं’ नको, त्यात वाळवणारी द्रव्यं असतात. तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप पेट घेतात, पाण्यात बुडवा. जवस वाळायला आठवडे लागतात, म्हणून तेल रविवारनंतरच, तोवर मूठ नुसती पुसून द्या. पात्याला औषधाच्या दुकानातलं पातळ पॅराफिन. गोडं तेल नको, चिकट होतं.

निनाद_पुणे (शनिवार, दुपारी ४.०५)
टोक झालं, मिटल्यावर पूर्ण आत जातं. भोकही पडलं. पकडीचे दोन ओरखडे राहिलेत, ते तसेच ठेवतोय, आणखी घासायची भीती वाटते. काळा थर ठेवला. काकूला दाखवला तर म्हणाली, आमच्या लग्नाच्या वर्षीही असाच काळा होता.

शेखर५८
छान. माझ्या स्कूटरचं कुलूप पुन्हा अडकलंय, त्याला पातळ पॅराफिन चालेल का?