कापसाच्या आयात-निर्यातीवरील सर्व निर्बंध उठवले, तर कोरडवाहू शेतकऱ्याच्या पदरात काय पडेल?

प्रश्न – वणीकर

आमची वणी तालुक्यात कोरडवाहू शेती असून वडील चाळीस वर्षांपासून कापूस लावत आले आहेत. मी स्वतः इचलकरंजीत सूत खरेदीचे काम पाहतो. १९ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क आधी ३० सप्टेंबरपर्यंत माफ केले आणि नंतर ती मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली, तेव्हा आमच्या घरातच दोन मते पडली. वेचणी तोंडावर असताना बाहेरचा माल आणला जात आहे, असे वडिलांचे म्हणणे होते. तर ज्यांच्याकडून मी सूत घेतो त्यांच्या मते हे शुल्क मुळात लावायलाच नको होते. दोघांचेही मला पटते. कच्च्या मालाचा व्यापार खरोखर खुला केला, म्हणजे आयातशुल्क नाही आणि निर्यातबंदीही नाही, तर वडिलांसारख्या शेतकऱ्याचे नेमके काय होईल, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ – सरकीपेंड

आयात आणि निर्यात या दोन बाजू आधी वेगळ्या करून पाहाव्यात, कारण आपल्याकडे निर्बंध नेहमी एकाच दिशेने वापरले गेले आहेत. एप्रिल २०१० मध्ये कापसाची निर्यात थांबवली गेली. पुढच्या हंगामात न्यूयॉर्कच्या बाजारात रुईने, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाने, पौंडामागे दोन डॉलरची पातळी ओलांडली, आणि नेमक्या त्याच हंगामात आपण निर्यातीला ५५ लाख गाठींची मर्यादा घातली होती. ५ मार्च २०१२ रोजी तर थेट बंदीच आली. तत्कालीन कृषिमंत्री शरद पवार यांनी तिला जाहीर विरोध केला आणि आठवडाभरात ती शिथिल करावी लागली, तरी नव्या सौद्यांची नोंदणी एप्रिलअखेरपर्यंत अडलेलीच राहिली.

या बंदीचा फटका गावात कसा पोहोचतो, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते आणि उरते ती बहुतेक सरकी. ही रुई आणि सरकी वेगळी करणारा जिनिंगवाला दोन्हींचा दर धरून, आपला खर्च वजा करून कापसाचा भाव काढतो. बांधलेली गाठ बंदरातून केव्हा निघेल हे त्याला ठाऊक नसेल, तर तो ती जोखीम दुसऱ्याच दिवशी कापसाच्या भावातून कापून घेतो. मार्चमध्ये ज्याच्या घरात कापूस भरलेला असतो, त्याने चांगल्या भावाच्या आशेने तो राखून ठेवलेला असतो, आणि बंदीची किंमत तोच मोजतो.

आयातीकडेही तेच दिसते. ११ टक्के शुल्क २०२१ च्या अर्थसंकल्पात लागले आणि एप्रिल २०२२ मध्ये रुईचा भाव खंडीला, म्हणजे ३५६ किलोंना, एक लाखाच्या दिशेने निघाला तेव्हा ते माफ झाले. भाव चढला की दरवाजे गिरणीच्या सोयीने उघडतात किंवा मिटतात. तो पडला की शेतकऱ्याला हमीभावाच्या खरेदी केंद्रावर रांगेत उभे राहावे लागते. म्हणून माझे मत असे की निर्यात कायमची खुली असावी आणि ती अधिसूचना काढून एका रात्रीत बंद करता येऊ नये. आयातशुल्क ठेवायचे की काढायचे यावर मतभेद होऊ शकतात. मात्र जो निर्णय असेल तो पेरणीपूर्वी जाहीर व्हावा आणि हंगामभर बदलू नये.

उत्तर २ – रिंगफ्रेम

मी सूतगिरणीत काम करतो. बांगलादेश आणि व्हिएतनाममध्ये कापूस जवळजवळ पिकत नाही. ते जगभरातून रुई घेऊन कपडे विकतात आणि आम्हाला त्यांच्याशीच स्पर्धा करावी लागते. निर्यातीच्या मालासाठी शुल्कमुक्त आयातीची सोय आहे हे खरे, पण देशातल्या यंत्रमागांना सूत पुरवणाऱ्या लहान गिरणीला तिचा उपयोग नाही. शिवाय आपल्या गाठींत गोण्यांचे धागे, प्लॅस्टिक आणि केस सापडतात, ते निवडण्याची मजुरी वेगळी पडते. मला खरी चिंता मात्र उत्पादकतेची वाटते. ब्राझीलचा बहुतेक कापूसही पावसावरच पिकतो, तरीही तिथे हेक्टरी रुई आपल्या जवळपास चौपट निघते. ही दरी असताना शुल्क किती वर्षे शेतकऱ्याला सांभाळील?

उत्तर ३ – खामगाव रस्ता

वरच्या दोन्ही उत्तरांत एक गोष्ट राहून गेली आहे. वऱ्हाडचा कापूस पूर्वी एकदा अगदी मोकळेपणाने जगात गेलेला आहे. १८७० मध्ये खामगावची रेल्वे सुरू झाली ती मुख्यतः त्यासाठीच. परंतु १८९६ मध्ये इथल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर लादला गेला, जेणेकरून मँचेस्टरच्या कापडाला आयातशुल्कामुळे तोटा होऊ नये, आणि तो १९२५ पर्यंत टिकला. कच्चा माल मोकळा आणि पक्का माल जखडलेला, असा तो व्यापार होता. आजही अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना अनुदान देते. ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत त्याविरुद्ध खटला जिंकला, आणि बेनिन, बुर्किना फासो, चाड व माली हे चार गरीब देश २००३ पासून हीच तक्रार मांडत आहेत. अशा अनुदानाने स्वस्त झालेल्या रुईसाठी शुल्क शून्य करणे याला मी खुला व्यापार म्हणणार नाही. निर्यात मोकळी असावी, याविषयी मात्र मी पहिल्या उत्तराशी पूर्ण सहमत आहे. महाराष्ट्राच्या मक्तेदारी खरेदी योजनेत, म्हणजे कापूस फक्त राज्य सरकारनेच घ्यायचा या व्यवस्थेत, तर आमच्या लोकांना आपला कापूस राज्याबाहेर नेण्याचीही मुभा नव्हती, आणि रात्री गाड्या भरून आदिलाबादकडे जाणारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत.

वणीकर

तिन्ही उत्तरे वडिलांना वाचून दाखवली. शुल्क असावे की नसावे यावर ते काही बोलले नाहीत. माफीची तारीख मृगाआधी कळली असती, तर चार एकर कापूस कमी करून तेवढी तूर वाढवली असती, असे म्हणाले.