घोट्यावरची खाज ३ वर्षं झाली, होमिओपॅथी चालू ठेवू का?

बागवाला_तासगाव:
नमस्कार मंडळी, आमच्या आबांना डाव्या घोट्यावर इसब आहे, वय ६२, द्राक्षबागेमुळं पाय कायम मातीत नाहीतर फवारणीत. आधी मेडिकलमधनं ट्यूब आणायचे, चार दिवस लावली की गायब, बंद केली की दुप्पट. दिवसा कामात कळत नाही पण रात्री घोटा खाटेच्या सुंभाला घासत बसतात, ती खरखर मला शेजारच्या खोलीत ऐकू येते. ५ महिने झाले सांगलीत होमिओपॅथी चालूय, साबुदाण्याएवढ्या गोळ्या, कांदा-लसूण-कॉफी बंद. पहिल्याच महिन्यात खाज वाढली, पाणी सुटायला लागलं, तर डॉक्टर म्हणाले आतलं बाहेर पडतंय, वाढू द्या. खोबरेलसुद्धा लावायचं नाही म्हणे. थांबू का अजून?

मिरजेची_ताई:
माझ्या आईला गुण आला बरं का. होमिओपॅथीच्याच ग्रॅफायटिस नि सल्फर या गोळ्या होत्या, ८ महिन्यांत हातावरचं इसब साफ. पण खरं सांगू, त्याच सुमारास भांड्याला बाई लावली, साबणात हात जायचेच बंद झाले, त्यामुळं गुण गोळीचा की बाईचा यावर आमच्या घरात अजून भांडण आहे.

कृष्णाकाठ:
दादा, ते इसबच आहे हे ठरवलं कुणी? गोल कडा असेल तर गजकर्णही असू शकतं, कातडी जराशी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतात, बुरशी असली तर दिसते. त्या ट्यूबांमध्ये बऱ्याचदा क्लोबेटासोल असतं, जोरदार स्टिरॉइड, खाज दबते नि खाली बुरशी मजेत पसरते. इसबच निघालं तरी खाजवून चामडी जाड होते, जाड झाली की अजून खाजते, म्हणून नखं कापा, अंघोळीनंतर कातडी ओलसर असतानाच व्हॅसलीन चोपडा. आणि होमिओपॅथीच्या बाटलीवर ३० पोटेन्सी लिहिलेलं असतं ना, ते म्हणजे औषधाच्या १ भागाला ९९ भाग पाणी नाहीतर अल्कोहोल असं ३० वेळा पातळ केलेलं, मूळ औषधाचा कण १२व्या वेळेलाच संपल्यात जमा. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संस्थेनं २०१५ ला सगळे अभ्यास तपासले, होमिओपॅथीचा कुठल्याच आजारात गुण येतो याचा भरवशाचा पुरावा सापडला नाही. गोळ्या घ्यायच्या तर घेऊ देत बापडे, पण पाणी सुटतंय ते आतलं बाहेर बिहेर नाही, जंतू शिरले असतील, ते लवकर दाखवा. शुगर बघितली का? संध्याकाळी पाय सुजतो का, घोट्याजवळ काळपट पडलंय का? मग रक्त नेणाऱ्या शिरांचा त्रास असू शकतो, नुसत्या मलमानं भागत नाही.

बागवाला_तासगाव:
आत्ता विचारलं. सुजतो म्हणे, दुपारनंतर चपलेचा पट्टा सैल करतात, वर्ष झालं, आम्हाला कधी बोलले नाहीत. काळपट तर आहेच, मला वाटलं माती बसलीय. उद्या स्किनवाल्याकडं नेतो, ट्यूब नि गोळ्यांची बाटली दोन्ही घेऊन.