गावचं सांडपाणी: घरोघरी शोषखड्डे, की गटार काढून प्रकल्प?

गोदाकाठ:
मराठवाड्यातलं तीन हजार वस्तीचं आमचं गाव. नळ आल्यापासून ओढा बारमाही झालाय, पण सांडपाण्याने. जलजीवनच्या हिशेबाने माणशी रोज ५५ लिटर. त्यातलं ७० टक्के मोरीतून बाहेर पडतं असं धरलं तरी रोज लाखाच्या वर लिटर होतं. ओढ्याकाठीच पिण्याची विहीर आहे. येत्या ग्रामसभेत बंदिस्त गटार आणि यंत्रावरच्या शुद्धीकरण प्रकल्पाचा ठराव येतोय. माझा विरोध आहे. पाणी सांडतं तिथंच शोषखड्ड्यात जिरवा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने हेच केलं. गटारं गेली, डासही गेले.

काळी माती:
अजिबात पटत नाही. गावठाणात घराला घर चिकटलंय, खड्डा घ्यायचा कुठं? त्यात आपली जमीन चिकण. पावसाळ्यात फुगली की पाणी पीतच नाही. आमच्या गल्लीत खड्डे झाले होते. साबणाचा, तेलाचा गाळ बसून दुसऱ्याच पावसाळ्यात तुंबले. त्या पाण्यात घसरून माझी आई पडली, मनगट मोडलं. गटार हवंच.

गोदाकाठ:
आईंचं वाचून वाईट वाटलं. पण खड्ड्याच्या आधी गाळ अडवायची छोटी टाकी होती का? खरकटं, राख, तेल तिथंच अडायला हवं आणि ती टाकी दर पंधरवड्याला उपसायला हवी. जागा नसेल तिथं चार-पाच घरांत मिळून एक खड्डा करता येतो.

वॉर्ड तीन:
चार घरांचा खड्डा उपसायचा कुणी? शेवटी ते काम बायकांच्याच अंगावर पडतं, हे मी रोज बघते.
पण प्रकल्पही नको. स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंतच धरलेत. आपले होतात ८ लाख ४० हजार, त्यातही ३० टक्के पंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून घालायचे. एवढ्यात यंत्र बसत नाही. बसलं तरी विजेचं बिल कोण भरणार? पथदिव्यांचंच थकलंय. त्यापेक्षा उताराने पाणी गायरानात न्या आणि एकापुढे एक स्थिरीकरण तळी करा. ऊन, शेवाळ आणि जिवाणू पाणी निवळवतात, वीज लागत नाही.

काळी माती:
याला माझा पाठिंबा. जी चिकण माती खड्ड्याला नडते तीच चोपून बसवली तर तळ्याचा तळ गळू देत नाही. निवळलेलं पाणी चाऱ्याला देता येईल.

आशाताई:
मूळ प्रश्न कुणीच काढत नाही. किती घरांनी संडासच्या टाकीचा पाइप गटारात सोडलाय? माझ्या वाटणीच्या घरांत असे बरेच आहेत. जुलाबाचे पेशंट मलाच बघावे लागतात. हे मैलापाणी मोरीच्या पाण्यात मिसळलं, तर ते विहिरीजवळ जिरवणं धोक्याचं आणि त्या तळ्यातलं पाणी चाऱ्याला सोडणंही धोक्याचं. आधी ते पाइप बंद करा.

गोदाकाठ:
ताई, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. विहिरीच्या वरच्या अंगाला खड्डे नकोत, हेही मान्य. मात्र पांढरीच्या बाजूला, जिथं मुरमाड जमीन आणि परसात जागा आहे, तिथं खड्ड्यांचा आग्रह मी सोडणार नाही; तेवढं पाणी तळ्याकडे जाणारच नाही, तळं लहान पुरेल.

वॉर्ड तीन:
चालेल. पण ठरावात पाइपांची घरोघर पाहणी पहिली लिहा. नाहीतर मी हात वर करणार नाही.